साधा, बटणांचा डिशवॉशर हवा आहे – कुकरचे डबे लख्ख निघाले पाहिजेत

खाडीकाठ · ३ जून, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी,

आमचा तेरा वर्षं चाललेला डिशवॉशर गेल्या आठवड्यात गेला. आतला स्टीलचा तळ गंजून बारीक भोक पडलं होतं, फरशीवर पाणी यायला लागलं. मेकॅनिकने बघितलं आणि यात आता पैसे घालू नका म्हणाला. त्या मशीनला एक गोल नॉब होता आणि तीन बटणं. नॉब तिसऱ्या खुणेवर आणायचा, बटण दाबायचं, दार लावायचं. आई (वय ७४) हे चष्मा न लावता करायची.

घर ठाण्यात, पाचपाखाडीला. माणसं पाच, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी. चार दिवस दुकानं फिरतोय. जाईन तिथे आधी मोबाइलवर ॲप दाखवतात, मग दाराच्या वरच्या कडेला लपवलेलं टच पॅनेल. आईला ते दिसत नाही, आणि ओल्या बोटाने ते धड चालतही नाही. मला वायफाय नको, आतले दिवे नकोत, आवाज थोडा झाला तरी चालेल. जुन्या मशीनमधून कुकरचा डबा निघायचा तेव्हा वरणाची ती कडेला वाळलेली पिवळी रेघ पूर्ण गेलेली असायची. बोट फिरवलं की कर्र वाजायचं. तेवढं हवं आहे.

असं साधं मशीन अजून मिळतं का? दुकानात नेमकं काय बघायचं? ज्यांनी वापरलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

तिखटमीठ · ३ जून, सकाळी ८:१५

नेरुळला आठ वर्षं वापरतेय, त्याच्याशिवाय स्वयंपाकघर चालणार नाही. पण मॉडेल सुचवण्याआधी सांगा: पाणी महापालिकेचं की टँकर-बोअरिंगचं? मजला कितवा? मशीन ओट्याखाली बसवायचं की बाहेर? लोक याचा विचार न करता मशीन आणतात आणि मग मशीनला नावं ठेवतात.

स्पॅनर · ३ जून, सकाळी १०:०२

मी चोवीस वर्षं घरगुती मशीनं दुरुस्त केली. आता काम मुलगा बघतो, मी कळव्याला घरी असतो. वेळ आहे, म्हणून नीट लिहितो.

डिशवॉशरच्या पोटात फार काही नसतं. खाली तीन-चार लिटर पाणी येतं, हीटर ते तापवतो, पंप तेच पाणी फिरत्या पंख्यांच्या भोकांतून भांड्यांवर मारत राहतो. गाळणीतून ते परत खाली येतं, परत वर जातं. घाण झालं की दुसरा छोटा पंप ते बाहेर फेकतो आणि नवीन पाणी घेतलं जातं. आधी एक प्री-वॉश, मग पावडरीचं मुख्य धुणं, मग खळबळणं, शेवटी गरम पाण्याचा हात. तुमचं जुनं मशीन हेच करायचं, नवीनही हेच करतं.

फरक पाण्यात पडला. जुनी मशीनं एका वेळेला पंधरा-वीस लिटर घ्यायची, आताची नऊ ते बारा लिटरमध्ये भागवतात. तेवढ्या पाण्यात दोन्ही पंखे एकदम जोरात चालणार नाहीत, म्हणून बऱ्याच मशीनांत खालचा आणि वरचा आळीपाळीने फिरतो. विजेचंही तसंच. जास्तीत जास्त वीज पाणी तापवायला जाते, म्हणून इको प्रोग्रॅम पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवतो आणि कमी पडलेली उष्णता वेळेने भरून काढतो. म्हणून तो साडेतीन तास चालतो. पाण्याचा मार, उष्णता, पावडर आणि वेळ, या चारांपैकी एक कमी केलं की दुसरं वाढवावंच लागतं.

पावडरही बदलली. पूर्वी तिच्यात फॉस्फेट भरपूर असायचं, त्याने घाण सुटायची आणि पाण्यातला क्षारही धरून ठेवला जायचा. फॉस्फेटने नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं, म्हणून युरोपात जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशर पावडरीत ते जवळजवळ बंदच केलं. आता त्या जागी एन्झाइम आणि इतर रसायनं असतात. ती चांगलं काम करतात, पण त्यांना वेळ आणि बेताची उष्णता लागते. 'तीस मिनिटांत लख्ख' म्हणून जो प्रोग्रॅम दाखवतात त्यात वाळलेलं वरण निघत नाही, ते यामुळेच. तो चहाच्या कपांसाठी ठीक आहे.

आता तुमचा नॉब. पूर्वी नॉबच्या मागे खरोखरचा टायमर असायचा, छोट्या मोटरवर फिरणारा, टिक-टिक वाजणारा. तो बिघडला तर एकटा बदलता यायचा. आता नॉब दिसला तरी मागे इलेक्ट्रॉनिक बोर्डच असतो. त्यामुळे नॉब शोधत दुकानं पालथी घालू नका. दाबल्यावर खाली जाणारी बटणं असावीत, दाराच्या समोरच्या बाजूला असावीत, आणि मशीन बंद करून चालू केल्यावर तुमचा प्रोग्रॅम एका-दोन दाबांत मिळावा. साधं मशीन मी याला म्हणतो.

प्रोग्रॅम बघताना ६५-७० अंशांचा एक ठरावीक प्रोग्रॅम हवाच. बॉशच्या आपल्याकडच्या मशीनांवर तो 'इंटेन्सिव्ह कढई' नावाने असतो, इतरांकडे नुसतं इंटेन्सिव्ह लिहिलेलं असतं. आपल्या तेलाला आणि फोडणीच्या चिकट थराला तो लागतो. गाळणी हाताने फिरवून बाहेर काढता आली पाहिजे, दुकानात स्वतः काढून बघा. वरचा रॅक भांडी भरलेली असतानाही वर-खाली करता आला तर उत्तम. तळ काही मशीनांत प्लास्टिकचा असतो, त्याला घाबरू नका, तो गंजत नाही, हळदीने पिवळा पडतो एवढंच.

आणि सर्वांत आधी हे विचारा की तुमच्या भागात दुरुस्तीला माणूस कोण येतो आणि ड्रेन पंप (पाणी बाहेर फेकणारा), इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत घेणारा), दाराचं रबर हे तीन भाग किती दिवसांत मिळतात. बिघाडाच्या दहा फोनांपैकी निम्मे यातलेच असायचे.

शेवगा · ३ जून, दुपारी १:३०

स्पॅनर काका, प्रतिसाद सुंदर. एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. साधं म्हणजे सेन्सर नको असं लोक समजतात, तो समज काढायला हवा. ऑटो प्रोग्रॅममध्ये पाण्यातून प्रकाश किती आरपार जातो ते मशीन बघतं आणि पाणी गढूळ असेल तर धुणं वाढवतं. माझ्या सासूबाई रोज ऑटो लावतात, वेगळं काही ठरवावं लागत नाही. वयस्कर माणसाला याहून सोपं काय? इकोलाही नावं ठेवू नका. रात्री लावायचा, सकाळी भांडी काढायची. साडेतीन तास लागले तर लागले, आपण काही त्याच्याशेजारी बसून राहत नाही.

स्पॅनर · ३ जून, दुपारी २:१०

शेवगाताई, मान्य. सेन्सरला माझा विरोध नाही. त्याला एकच गोष्ट कळत नाही: कढईला चिकटून बसलेलं. ते पाण्यात उतरलेलंच नसतं, मग पाणी स्वच्छ दिसतं आणि मशीन लवकर आटोपतं. रोजच्या ताटवाट्यांना ऑटो, कढई-कुकर असतील तेव्हा ७० अंश. दोन बटणं आईंना सहज लक्षात राहतील.

नववा मजला · ३ जून, दुपारी ४:२५

घोडबंदर रोडवरून लिहितोय. आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही, रोज टँकर, शिवाय बोअरिंग. मशीन आणलं तेव्हा पहिले दोन महिने छान. मग काचेच्या ग्लासांवर पांढरी पावडर दिसायला लागली, स्टीलच्या ताटांवर ढगांसारखे डाग, आणि आतल्या भिंतीवर हात फिरवला तर खरखरीत लागायचं. मशीन खराब निघालं अशी माझी खात्री झाली होती.

इंजिनिअर आला, त्याने एका ग्लासवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि बोटाने चोळलं. तेवढीच जागा आरशासारखी झाली. म्हणाला, हा क्षार आहे, मशीनला काही झालेलं नाही. मशीनच्या तळाशी मिठाची टाकी असते, तिच्या जोडीला रेझिनचे मणी असतात. पाणी त्यांच्यातून जातं तेव्हा त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा कामाला लागतात. आमच्याकडे मीठ घातलेलं होतं, पण पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात हे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे, ते मशीनला सांगितलंच नव्हतं, आकडा कारखान्यातून आला तसा खालीच होता. तो वाढवला, सायट्रिक ॲसिड घालून रिकामं मशीन एकदा गरम चालवलं, आणि त्यानंतर आजतागायत डाग नाही.

टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून रंग बघायचा. आमच्याकडे टँकरच्या दिवशी आणि महापालिकेच्या दिवशी पट्टीचा रंग वेगळा येतो, म्हणून जो जास्त येतो त्याप्रमाणे आकडा लावलाय.

तिखटमीठ · ३ जून, संध्याकाळी ५:००

म्हणूनच आधी पाणी विचारलं! नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, पावसाचं साठवलेलं, मऊ. माझी मिठाची टाकी कित्येक महिने तशीच असते. मऊ पाण्यात उलटी काळजी घ्यावी लागते. पावडर जास्त घातली आणि पाणी खूप गरम ठेवलं तर काच हळूहळू झिजून धुरकट होते, आणि तो धुरकटपणा व्हिनेगरने जात नाही. माझे आजीचे सहा सरबताचे ग्लास असे गेले. आता काच फक्त ४५-५० अंशांवर.

खाडीकाठ · ३ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. एका दिवसात एवढं कळेल असं वाटलं नव्हतं.

आमचं पाणी महापालिकेचंच, बोअरिंग नाही. इमारत जुनी, चार मजली, आम्ही चौथ्यावर. टाकी डोक्यावर गच्चीत. ओट्याच्या खालची जागा मोजली: ग्रॅनाइटच्या खाली ८० सेंटीमीटर. मशीन ८४.५ उंच आहेत. म्हणजे ओट्याखाली नाहीच. स्वयंपाकघरालगतच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी ६५ सेंटीमीटर रुंद जागा आहे, तिथे ६० चं मशीन बसेल.

स्पॅनर · ३ जून, रात्री १०:०५

शेवटचा मजला म्हणालात ते बरं झालं, हे कुणी विचारत नाही. मशीनच्या पुस्तकात पाण्याचा कमीत कमी दाब लिहिलेला असतो. काहींना ०.३ बार चालतो, काहींना ०.५ लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत सरळ उभं अंतर तीन मीटर असेल तर ०.३, पाच असेल तर ०.५. पहिल्या मजल्यावरच्या माणसाला याची चिंता नाही, चौथ्यावरच्याला आहे. दोरीला वजन बांधून मोजा. मध्ये पाइपला वळणं आणि जुना गंज असेल तर दाब आणखी पडतो. मशीन पाणी घ्यायला जास्त वेळ लावतं आणि शेवटी नळाची खूण दाखवून थांबतं. लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात, दोष टाकीच्या उंचीचा असतो.

आणखी एक: १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या. वॉशिंग मशीन आणि हे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको, दोन्हींचे हीटर एकदम लागले तर वायर वितळते. मी वितळलेल्या पाहिल्या आहेत.

सेक्टर वीस · ४ जून, सकाळी ६:५०

खारघरकरांसाठी पुरवणी. आमच्याकडे सिडकोचं पाणी, वेळ ठरलेली, उन्हाळ्यात त्यातही कपात. मशीन मध्यावर असताना टाकी रिकामी झाली की काम अर्धवट राहतं आणि पावडर लागलेली भांडी तशीच वाळतात. ती हाताने धुणं फार त्रासाचं. म्हणून टाकी भरल्यावरच लावतो.

पाण्याची बचत मात्र खरी आहे. मशीन घेण्याआधी बायकोने आणि मी एक रविवार मोजलं, नळाखाली बादली ठेवून. दोन वेळच्या भांड्यांना साडेचार बादल्या, म्हणजे साठ लिटरच्या वर. आता तेवढीच भांडी एका वेळी जातात आणि पाणी एका बादलीहून कमी. मे महिन्यात हे फार जाणवतं.

परात · ४ जून, सकाळी ११:३०

अजून कुणी वाट्यांबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

ही मशीनं पसरट प्लेट आणि कपबशीच्या मापाने बनवलेली असतात. आपल्या वाट्या उभ्या भिंतीच्या, सपाट बुडाच्या. दोन खुंट्यांच्या मध्ये वाटी ठेवली की ती हळूच कलते आणि शेजारच्या वाटीत जाऊन बसते. वरून सगळं नीट दिसतं. दोन तासांनी दार उघडलं की एका वाटीत कोमट गढूळ पाणी आणि दुसरीच्या आत आमटीचा थर जसाच्या तसा. मशीनने धुतलं नाही असं आपण म्हणतो, पण तिथे पाणी पोचलंच नव्हतं.

मी दुसरं मशीन घ्यायला गेले तेव्हा पिशवीत घरची दोन ताटं, चार वाट्या, एक फुलपात्र, कुकरचा एक डबा आणि झारा घेऊन गेले. दुकानदाराला आधी आश्चर्य वाटलं, मग त्यानेच तीन मशीनं उघडून दिली. एकात आमचं ताट इतकं उंच झालं की वरचा पंखा त्याला अडला. दुसऱ्यात खुंट्या इतक्या जवळ होत्या की वाटी बसेना. तिसऱ्यात खालच्या रॅकच्या निम्म्या खुंट्या आडव्या पाडता येत होत्या, तिथे डबा पालथा राहिला आणि वाट्या वरच्या रॅकमध्ये तिरक्या, एकमेकींना न टेकता. तेच घेतलं. किती प्लेस सेटिंग (एका माणसाच्या भांड्यांचा संच) लिहिलंय त्यावरून आपल्याला काही कळत नाही, त्या प्लेटा वेगळ्या असतात.

भांडी ठेवल्यावर दोन्ही पंखे हाताने एकदा फिरवून बघायचे. झाऱ्याचा दांडा खाली लोंबत असेल तर पंखा अडकतो आणि सगळी फेरी वाया जाते.

पिंपळपान · ४ जून, दुपारी १२:१५

परातताई, तुमचं वाचून जोसेफिन कॉक्रनची गोष्ट आठवली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलची ही बाई. तिला डिशवॉशरचं पेटंट २८ डिसेंबर १८८६ ला मिळालं. तिच्या आधी लोकांनी ब्रशने घासणारी यंत्रं करून पाहिली होती. तिने गरम साबणाच्या पाण्याचा मारा वापरला, आणि सुरुवात कशी केली? घरातल्या बशा आणि कप मोजून त्या मापाच्या तारेच्या खाचा केल्या. त्या खाचा एका चाकावर, चाक तांब्याच्या बॉयलरमध्ये आडवं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं तिथल्या उपाहारगृहांची भांडी धूत होती. तिने तिची भांडी मोजली, तुम्ही तुमची. आपल्या वाट्यांच्या मापाचा रॅक इथल्या कारखान्यांनी करायला हवा, ही मागणी मला मनापासून योग्य वाटते.

सेक्टर वीस · ४ जून, दुपारी १:००

परातताई, पिशवीत भांडी घेऊन जाण्याच्या कल्पनेला +१. मेहुणीला लगेच कळवतो, ती याच आठवड्यात घेतेय.

शेवगा · ४ जून, दुपारी ३:४०

पावडर की टॅब्लेट, यावर लिहिते. टॅब्लेट सोयीची, पण ती पेटीत बंद असते आणि पेटी मुख्य धुण्याच्या वेळी उघडते. म्हणजे प्री-वॉश नुसत्या पाण्याने होतो. आपल्या भांड्यांना तेल जास्त, म्हणून मी पावडर वापरते: पेटीत पुस्तकात सांगितली तेवढी आणि एक चमचा दाराच्या आतल्या बाजूला मोकळी. प्री-वॉशमध्येच तेल सुटायला लागतं, ते पाणी फेकलं जातं आणि मुख्य धुणं तुलनेने स्वच्छ पाण्यात होतं. या एका चमच्याने मला नव्या मशीनचा फरक पडावा तेवढा फरक दिसला.

आणि भांडी आधी नळाखाली धुऊन घालू नका. खरकटं काढायचं, पुरे. एन्झाइमना धरायला काहीतरी लागतं, आणि पाणी वाचवायला मशीन आणून नळाखाली धुवायचं म्हणजे पाणी दोनदा गेलं. याला दोन अपवाद. कणकेची परात मशीनमध्ये जाऊ नये, कणीक गरम पाण्याने चिकट होते आणि तिचे बारीक गोळे गाळणीत जाऊन बसतात. भाताची शितं वाळली असतील तर पातेल्यात दहा मिनिटं पाणी घालून ठेवायचं.

परात · ४ जून, दुपारी ४:०५

गाळणी दर दोन दिवसांनी. लिंबाच्या बिया, कढीपत्त्याच्या काड्या, मोहरी. मोहरी पंख्याच्या भोकातही अडकते, सुईने काढावी लागते.

कल्हई · ४ जून, रात्री ८:३०

काय घालायचं नाही तेही लिहायला हवं. माझी ॲल्युमिनियमची कढई पहिल्याच दिवशी काळी-राखाडी झाली आणि हाताला काळं लागायला लागलं. पावडर अल्कधर्मी असते, ती ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाते. हार्ड ॲनोडाइज्डचंही तेच. लोखंडी तवा आणि बिडाचं भांडं गंजतं, वर्षानुवर्षं मुरलेलं तेल एका फेरीत जातं. पितळ-तांबं काळवंडतं, कल्हईची भांडी तर अजिबात नाही. पोळपाट-लाटणं तडकतं. स्टीलचा कुकर चालतो, शिट्टी आणि रबर काढून. प्लास्टिकच्या डब्यांवर हळदीचा रंग राहिला तर तो धुण्याने जाणार नाही, दोन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

आईंच्या हाताशी ॲल्युमिनियमचं किती आहे ते आधी बघा. आमच्याकडे रोजच्यातलं निम्मं निघालं. मग हळूहळू स्टीलवर आलो.

तिखटमीठ · ४ जून, रात्री ९:१०

थोडं विषयाबाहेर, पण मनात आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीत एकदम सात-आठ मशीनं आली आणि भांडी घासणाऱ्या मावशींची कामं गेली. माझ्याकडच्या मावशींना मी आधीच विचारलं होतं. त्या आता पोळ्या आणि भाजी चिरण्याचं बघतात, पगार तोच, पाण्यात हात नसल्याने बोटांच्या चिरा बऱ्या झाल्या. मशीन घेताना घरात हे बोलणं व्हावं असं मला वाटतं.

खाडीकाठ · ५ जून, सकाळी ७:१५

तिखटमीठताई, आमच्याकडे मावशी नाहीत, आई आणि मीच करतो. पण वाचून बरं वाटलं.

काल दोरी सोडून मोजलं. टाकीच्या तळापासून गॅलरीतल्या नळापर्यंत ३ मीटर ८० सेंटीमीटर. म्हणजे ०.३८ बार. ज्या मशीनवर माझं मन बसलं होतं त्याच्या पुस्तकात कमीत कमी ०.५ लिहिलंय! स्पॅनर काका, तुम्ही नसता तर ते घरी येऊन बसलं असतं. आता ०.३ वाली दोन राहिली आहेत. शनिवारी आई स्वतः येणार आहे, पिशवीत ताट-वाट्या घेऊन.

खाडीकाठ · १९ जून, रात्री ९:४५

उशिरा लिहितोय, मधे पावसाने गॅलरीत काम थांबलं होतं.

मशीन आलं. समोर पाच बटणं, दाबली की टक वाजतं. ॲप नाही. पुस्तकात ०.३ बार. १६ अँपिअरचा नवीन पॉइंट काढला, सांडपाण्याचा पाइप इंजिनिअरने कमरेच्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली मोरीत सोडला, म्हणजे बाहेरचं घाण पाणी आत येत नाही. नावासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सगळ्यांना कळवीन.

दुकानात आईने वाट्या स्वतः लावून बघितल्या. एका मशीनच्या रॅकमध्ये तिने वाटी तीनदा ठेवली, तीनदा ती कलली. तिने वाटी पुसून पिशवीत टाकली आणि पुढच्या मशीनकडे गेली. पंधरा मिनिटांत निर्णय झाला.

पहिल्या दिवशी ऑटो लावला, कुकरच्या डब्याला रेघ राहिली. दुसऱ्या दिवशी ७० अंश, दारात एक चमचा पावडर, डबा आडव्या खुंट्यांवर पालथा. सकाळी आईने डबा उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्या कानाशी आणून परत फिरवला. कर्र. त्या बटणावर आता तिने लाल टिकली लावली आहे. रोजच्या बटणावर हिरवी.

एक शंका राहिली. मीठ पहिल्यांदा इंजिनिअरने भरलं. पुढच्या वेळी आम्हीच भरायचं तर काही पथ्य आहे का? साधं खायचं मीठ चालेल?

स्पॅनर · १९ जून, रात्री १०:२०

खायचं मीठ नको. त्यात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, ते रेझिनला बाधतात. डिशवॉशरचं जाड मीठ घ्या. महापालिकेचं पाणी असेल तर आकडा सगळ्यात खाली ठेवा, एक पुडा बरेच महिने जाईल.

पथ्य एकच, पण ते पाळाच. मीठ भरताना खारं पाणी उतू जाऊन तळावर सांडतं. ते तसं रात्रभर राहिलं तर स्टीलसुद्धा गंजतं. म्हणून मीठ नेहमी मशीन लावायच्या आधी भरायचं आणि लगेच प्रोग्रॅम सुरू करायचा. फेरी संपल्यावर भरून ठेवायचं नाही.

खाडीकाठ · १९ जून, रात्री १०:३५

काका, आम्ही तेरा वर्षं सकाळी भांडी काढून झाली की मीठ भरायचो आणि मशीन रात्रीपर्यंत तसंच असायचं. जुन्या मशीनचं भोक मिठाच्या झाकणाच्या अगदी कडेलाच होतं.

आईला आत्ताच सांगून आलो. मिठाच्या पुड्यावर तिने लिहिलंय: 'आधी मीठ, लगेच लाल बटण'.